सोमवार, २५ जानेवारी १९५४ : तीन लहरींचा एक दिवस

रेल्वेचे जुने वेळापत्रक वाचून प्रवास घडत नाही. पण गाडी कोणत्या गावी निवांत थांबत होती, कुठे दोनच मिनिटे टेकत होती आणि कोणते गाव धूळ उडवत मागे टाकत होती, हे त्यावरून नेमके कळते. रेडिओच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका मी गेली काही वर्षे याच रीतीने वाचत आलो आहे. जे कानांसाठी तयार झाले त्यातले बरेचसे हवेत विरून गेले. रोजच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे असे त्या काळी फारसे कुणाला वाटत नसे. मागे उरली ती छापील वेळ आणि कार्यक्रमाचे नाव. नभोवाणी आपला श्रोता कोण समजत होती, तो किती वाजता कामाला लागतो, त्याच्या घरी दुपारी कोण असते आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला काय द्यावे, याविषयीची त्या संस्थेची समजूत मात्र या दोन गोष्टींतही पुरती उमटलेली असते.

या लेखासाठी मी बीबीसीचा एकच दिवस निवडला आहे : सोमवार, २५ जानेवारी १९५४. त्या रात्री 'थर्ड प्रोग्रॅम'वरून डिलन टॉमसचे 'अंडर मिल्क वुड' हे नभोनाट्य पहिल्यांदा प्रसारित झाले. इंग्रजी नभोनाट्याच्या इतिहासातले ते मानाचे पान आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे कुतूहल थोडे वेगळे आहे. त्या रात्रीच्या आधी जो दिवस गेला, तो कसा होता? त्याच संस्थेने, त्याच श्रोत्यांच्या पैशांतून, त्या सोमवारी सकाळपासून काय काय ऐकवले? आणि त्या दिवसाचे रात्रीच्या नाटकाशी काही नाते होते का?

एक पौंड आणि एक पिरॅमिड

१९५४ साली ब्रिटनमध्ये घरात रेडिओ ठेवायचा तर वर्षाला एक पौंड भरून परवाना घ्यावा लागे. जोडीला दूरचित्रवाणी संचही असेल तर दोन पौंड. आपल्याकडेही टपाल कचेरीत जाऊन रेडिओचा परवाना दरवर्षी नवा करून आणावा लागे, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. ब्रिटनमध्ये असे सव्वा कोटीहून अधिक परवाने होते आणि बीबीसीचा देशांतर्गत कारभार त्यावर चाले. जाहिराती नव्हत्या. रात्री लक्झेंबर्गहून येणारे व्यापारी प्रसारण ऐकू येई, पण खुद्द देशात दुसरे केंद्र नव्हते.

या एका पौंडात तीन लहरी मिळत. 'होम सर्व्हिस' ही मधली, भारदस्त लहर : बातम्या, भाषणे, नाटके, शालेय कार्यक्रम, आणि प्रांताप्रांतांसाठी थोडे वेगळे कार्यक्रम. 'लाइट प्रोग्रॅम' जुलै १९४५मध्ये, युद्ध संपता संपता सुरू झाला. त्याचे काम रंजनाचे. आणि २९ सप्टेंबर १९४६ रोजी 'थर्ड प्रोग्रॅम' आला. तो फक्त संध्याकाळचा. त्यावर अभिजात संगीत, कविता, तत्त्वचर्चा, अवघड नाटके. कार्यक्रमाला जितका वेळ लागेल तितका द्यायचा, घड्याळाच्या काट्याला बांधून घ्यायचे नाही, असे त्याचे धोरण होते. पहिल्या रात्रीचा पहिला कार्यक्रम 'कसे ऐकावे' या विषयावरचा, थट्टेखोर अंगाने लिहिलेला होता. स्वतःची थट्टा करत दार उघडणारी संस्था मला नेहमीच आवडते.

या तीन लहरींच्या मागे एक कल्पना होती. १९४४ ते १९५२ या काळात बीबीसीचे महासंचालक असलेले विल्यम हेली यांनी १९४८च्या एका व्याख्यानात ती मांडली. समाज हा एक रुंद पायाचा, वर निमुळता होत जाणारा पिरॅमिड आहे. पायाशी लाइट, मध्ये होम, शिखराशी थर्ड. मात्र लोकांना आपापल्या पायरीवर बसवून ठेवणे हा त्यांचा हेतू नव्हता. आज लाइट ऐकणारा उद्या होमकडे वळेल, परवा थर्डकडे. पिढ्या जातील, पण सारा पिरॅमिड हळूहळू वर सरकेल, असा त्यांचा भरवसा होता.

बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांना ही वाटणी पसंत नव्हती. त्यांच्या काळात एकाच लहरीवर नाचगाण्याच्या पाठोपाठ चेंबर संगीत येई. श्रोता बेसावध असताना त्याच्या कानावर काहीतरी उत्तम पडावे, हा त्यामागचा विचार. थर्डवर जे फारच थोड्यांसाठी आहे ते कशाला हवे, आणि जे खरोखर चांगले आहे ते सगळ्यांनी का ऐकू नये, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. रीथ आणि हेली यांच्यात कोण बरोबर होते, हे ठरवायला एक दिवस पुरेसा नाही. पण एक दिवस निरखून पाहिला तर वाद कशाबद्दल होता ते तरी नीट दिसते. मी एक मोठा कागद घेऊन त्यावर तीन उभे रकाने आखतो आणि तास भरत जातो. त्या सोमवारचा माझा कागद असा भरतो.

कामाचे तास

सकाळी होम सर्व्हिसवर सातला आणि आठला बातम्या. त्यांच्या मध्ये पाच मिनिटांचे प्रार्थनापर चिंतन. बातम्यांआधी ग्रीनिचचे सहा ठोके. ही पद्धत फेब्रुवारी १९२४पासूनची. घरोघरी भिंतीवरची घड्याळे या ठोक्यांवर लावली जात. त्या दिवशीची मोठी बातमी बर्लिनची होती : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार राष्ट्रांच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद त्याच दिवशी तिथे सुरू होत होती. घरातल्या टेबलावर मात्र युद्ध अजून पुरते संपलेले नव्हते. साखर चारच महिन्यांपूर्वी रेशनमधून सुटली होती. लोणी आणि मांस अजून कुपनांवरच होते.

नऊच्या बातम्यांनंतर लाइटवर 'हाउसवाइव्ह्ज चॉइस'. पुरुष कामावर आणि मुले शाळेत गेली की लागणारा हा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम १९४६पासून चालू होता. फर्माईश पोस्टकार्डावर पाठवायची. आपल्या 'आपली आवड'च्या श्रोत्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही : गाणे ऐकण्याइतकाच आनंद आपले नाव आणि गाव निवेदकाच्या तोंडून ऐकण्याचा असतो.

सव्वादहाला होमवर दैनिक प्रार्थना. १९२८ साली सुरू झालेल्या या प्रार्थनेमागे एका बाईंचा पाठपुरावा होता. आजारी आणि घरात अडकून पडलेल्या माणसांसाठी रोज थोडी उपासना असावी, म्हणून त्यांनी पत्रे लिहून आणि सह्या गोळा करून बीबीसीला राजी केले. मग शालेय कार्यक्रम. वर्गात रेडिओ लावून शिक्षक आणि मुले एकत्र ऐकत.

साडेदहाला लाइटवर 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. या अर्ध्या तासाकडे मला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. दंकर्कच्या माघारीनंतर, जून १९४०मध्ये, युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी तो सुरू झाला. उत्पादन वाढावे हा उघड हेतू. मध्ये एकही शब्द न बोलता एकामागून एक धून वाजत राही. त्याचे नियम ठरलेले होते : लय सारखी हवी, चाल ठसठशीत हवी, कारण यंत्रांच्या गोंगाटात नाजूक काही ऐकू येत नाही; संथ, झोप आणणारे काही नको; आणि हात कामातून सुटतील असेही काही नको. एका लोकप्रिय अमेरिकी गाण्यात ऐकणाऱ्याने टाळ्या द्यायच्या जागा होत्या. कामगार तिथे हातातल्या हत्यारांनी ठोके देऊ लागले, म्हणून ते गाणे या कार्यक्रमातून बाद झाले. युद्ध संपले तरी कार्यक्रम राहिला. १९५४ साली तो सकाळी साडेदहाला आणि दुपारी पावणेचारला असा दिवसातून दोनदा लागे. हजारो कारखान्यांच्या कर्ण्यांमधून तो वाजे. ज्याने तो लावला त्याला संगीताची आवड असेलच असे नाही, आणि जो ऐकत होता त्याला तो बंद करण्याची सोय नव्हती.

अकराला लाइटवर 'मिसेस डेल्स डायरी'चा आदल्या वेळचा भाग पुन्हा, आणि दुपारी नवा. लंडनच्या उपनगरातल्या एका डॉक्टरांच्या पत्नीची ही रोजनिशी जानेवारी १९४८मध्ये सुरू झाली. रोज पंधरा मिनिटे. यात फार काही घडत नसे, आणि ऐकणाऱ्यांना तेच हवे असे. नवऱ्याच्या तब्येतीची काळजी हा मिसेस डेल यांचा इतका ठरलेला विषय होता की पुढे त्यावर विनोद रूढ झाले.

पावणेदोनला 'लिसन विथ मदर'. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट आणि काही गाणी, पंधरा मिनिटे. नीट मांडी ठोकून बसलात ना, असे विचारून गोष्ट सुरू होई, आणि एका अख्ख्या पिढीला तो प्रश्न पाठ आहे. लगेच दोनला 'वुमन्स अवर'. या क्रमात योजना होती : मूल गोष्ट ऐकून आडवे झाले की आईला तिचा तास मिळावा. १९४६ साली हा तास सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला निवेदक पुरुष होता. पण स्वयंपाक आणि शिवणाबरोबर रजोनिवृत्तीसारखा विषयही चाळीसच्या दशकातच या तासात बोलला गेला, हेही नोंदवले पाहिजे.

इथवरचा रकाना पाहिला की बीबीसीच्या मनातला श्रोता दिसू लागतो. दिवसा घरात असते ती बाई, कारखान्यात असतो तो कामगार, शाळेत असते ते मूल. ज्या बाया स्वतः कारखान्यात होत्या त्यांना 'वुमन्स अवर' ऐकता येत नसे. मराठी वाचकांना ही विभागणी ओळखीची वाटेल. 'वनिता मंडळ', 'कामगार सभा', मुलांची 'गंमत जंमत' ही मुंबई केंद्रावरची नावे आपली असली, तरी माणसांची तासांनुसार वाटणी करण्याची रीत आपल्याकडे नभोवाणीबरोबरच आली. १९३५ साली हिंदुस्थानातल्या नभोवाणीची घडी बसवायला आलेले लायोनेल फील्डन हे बीबीसीचेच अधिकारी होते.

जे बोलायचे नाही ते

वेळापत्रकात जे नसते तेही वाचावे लागते. त्या दिवशी बातम्या देणाऱ्याचे नाव पत्रिकेत नाही. युद्धकाळात, १९४०पासून, निवेदक आपले नाव सांगत, म्हणजे शत्रूने खोट्या बातम्या पेरल्या तर श्रोत्यांना आवाज ओळखता यावा. युद्ध संपताच नावे पुन्हा गेली. १९४१मध्ये विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या नटाने आपल्या प्रांताच्या वळणाने बातम्या वाचल्या तेव्हा तक्रारी आल्या. अशा उच्चारातली बातमी खरी वाटत नाही, असे काहींचे म्हणणे पडले. हाच पिकल्स युद्धानंतर गावोगाव फिरून साध्या माणसांशी गप्पा मारणारा कार्यक्रम करू लागला आणि देशातल्या सर्वांत लोकप्रिय माणसांपैकी एक ठरला. म्हणजे यॉर्कशरची बोली करमणुकीला चालत होती, बातमीला नाही. प्रमाणभाषेवरून कडाक्याचे वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

संसदेत पुढच्या पंधरा दिवसांत ज्यावर चर्चा व्हायची आहे त्या विषयावर रेडिओवर चर्चा करायची नाही, असा 'चौदा दिवसांचा नियम' होता. तो १९५६अखेरपर्यंत चालला. विनोदी कार्यक्रमांसाठी १९४९मध्ये अंतर्गत नियमपुस्तिका तयार झाली होती. शौचालय, मधुचंद्राला निघालेले जोडपे, हॉटेलातली मोलकरीण, बायकांची अंतर्वस्त्रे, यांवर विनोद नको, असे तिच्यात एकेक करून नमूद केले होते. ही यादी वाचताना मला हसू येते आणि थोडी कीवही येते, कारण ती तयार करणाऱ्याला असले सगळे विनोद बसून आठवावे लागले असणार.

संध्याकाळ

पाचला होमवर 'चिल्ड्रन्स अवर', सहाला बातम्या. पावणेसातला लाइटवर 'द आर्चर्स'. मिडलंड्समधल्या एका काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची ही मालिका जानेवारी १९५१पासून देशभर ऐकू येऊ लागली होती, आणि आजही ती चालू आहे. तिचा उगम मला फार बोलका वाटतो. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती. छोट्या शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोहोचवायची होती. १९४८ साली बर्मिंगहॅममध्ये शेतकरी आणि बीबीसीचे अधिकारी एकत्र बसले, तेव्हा एका शेतकऱ्याने सुचवले, की आम्हाला शेतीतला 'डिक बार्टन' हवा. डिक बार्टन हा तेव्हाच्या एका गाजलेल्या साहसमालिकेचा नायक. गॉडफ्री बेसली या निर्मात्याने ती सूचना मनावर घेतली. गायींचे रोग, खते, दुधाचा भाव, हे सगळे सासू-सुनांच्या आणि प्रेमप्रकरणांच्या आत दडवून रोज पंधरा मिनिटे सांगितले जाई. पुढे याच मालिकेने डिक बार्टनची वेळ घेतली.

म्हणजे पिरॅमिडच्या अगदी पायाशी, ज्याला निव्वळ करमणूक म्हटले जाई त्या लहरीवर, शेतकी खात्याच्या सल्ल्याने शिकवणे चालू होते. श्रोत्याला कुठेही चढून जावे लागत नव्हते. ज्ञान त्याच्या चहाच्या टेबलावर येऊन बसत होते.

नऊला होमवर बिग बेनचे टोले आणि मुख्य बातम्या. अकराला लाइटवर 'अ बुक ॲट बेडटाइम' : कादंबरीचा पंधरा मिनिटांचा तुकडा, मग निरोप. दोन रकाने इथे भरतात.

तिसरा रकाना

तिसरा रकाना दिवसभर कोरा आहे. थर्ड संध्याकाळी सहाला सुरू होई. त्याची मध्यम लहर देशाच्या मोठ्या भागात नीट पोहोचत नसे; सुधारलेले व्हीएचएफ प्रसारण मे १९५५मध्ये सुरू झाले. बीबीसीच्या श्रोतृ-संशोधन विभागाचे प्रमुख रॉबर्ट सिल्वी यांची माणसे रोज देशभरातल्या लोकांना गाठून, काल तुम्ही काय ऐकले, हे विचारत. त्यांच्या आकड्यांत थर्डचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळे.

अशा त्या लहरीवर २५ जानेवारीच्या रात्री सुमारे दीड तासाचे 'अंडर मिल्क वुड' झाले. निर्माता डग्लस क्लेव्हर्डन, प्रथम निवेदकाचा आवाज रिचर्ड बर्टन. लेखक ते ऐकायला नव्हता. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले होते. क्लेव्हर्डनने कित्येक वर्षे मागे लागून त्याच्याकडून ही संहिता लिहून घेतली होती. ऑक्टोबरमध्ये हस्तलिखित हाती आले, त्याची टंकलिखित प्रत झाली, आणि मूळ प्रत परत मिळताच टॉमसने ती लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात हरवली. अमेरिकेला निघताना तो क्लेव्हर्डनला म्हणाला, की सापडली तर तुलाच ठेव. क्लेव्हर्डनने सोहो भागातले गुत्ते पालथे घालून ती शोधून काढली.

नाटकात कथानक म्हणावे असे फारसे नाही. वेल्सच्या किनाऱ्यावरचे एक छोटे गाव, आणि त्याचा एका रात्रीपासून पुढच्या रात्रीपर्यंतचा एक दिवस. आधी झोपलेल्यांची स्वप्ने, मग पहाट, न्याहारी, पत्रे वाटणारा पोस्टमन, शाळा सुटलेली मुले, दुपारची सुस्ती, पुन्हा अंधार. आणि एक आंधळा म्हातारा दर्यावर्दी, कॅप्टन कॅट. तो खिडकीशी बसून पावलांच्या आवाजावरून कोण कुठे चालले आहे ते ओळखतो. नाटककाराने रेडिओच्या श्रोत्यालाच नाटकात आणून बसवले आहे, असे मला हे पात्र भेटल्यापासून वाटत आले आहे. गावाचे नाव 'लारेगब' उलटे वाचले की इंग्रजी बोलीतला एक असभ्य शब्दप्रयोग बनतो. पुस्तक छापताना प्रकाशकांनी त्याचे स्पेलिंग जरा बदलून घेतले. मधुचंद्रावरच्या विनोदाला बंदी करणाऱ्या संस्थेच्या शिखरावरून हे नाव निर्वेधपणे देशभर गेले.

आता तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दिवसभर दोन लहरींनी जे केले तेच तिसऱ्या लहरीवरच्या नाटकाने केले : गावाचा दिवस तासातासाने उलगडला. लाइटच्या वेळापत्रकातली गृहिणी, मुले आणि म्हातारे नाटकातही होते. फरक इतकाच, की वेळापत्रकात त्यांना त्यांच्या कामावरून ओळखले जात होते, आणि नाटकात त्यांच्या मनात काय चालले आहे ते ऐकू येत होते. ज्यांच्याविषयी ते नाटक होते, त्यांतल्या फार थोड्यांनी ते त्या रात्री ऐकले. हेलींच्या योजनेतली उणीव यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही.

जिना चढण्यासाठी, की उतरण्यासाठी?

माणसे वर चढली नाहीत. १९५७ साली थर्डचे तास जवळपास निम्म्यावर आणले गेले. एलियट आणि व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्यांनी निषेध केला. त्याचा फार उपयोग झाला नाही. तोवर काळही बदलला होता. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी सुरू झाली. त्याच संध्याकाळी 'द आर्चर्स'मधली तरुण सून ग्रेस आगीत मरण पावली, आणि नव्या वाहिनीच्या उद्घाटनाऐवजी लोक तिच्याविषयी बोलत राहिले. सप्टेंबर १९६७अखेर तिन्ही लहरींची जुनी घडी मोडून रेडिओ एक, दोन, तीन आणि चार अशी नवी मांडणी झाली.

येथे बहुतेक अभ्यासक थांबतात आणि पिरॅमिड फसला असा निर्वाळा देतात. मला तो निर्वाळा अपुरा वाटतो, कारण माणसे चढली नसली तरी गोष्टी उतरल्या. 'अंडर मिल्क वुड'ला त्याच वर्षी नभोवाणीसाठीचा 'प्री इतालिया' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग त्याचे पुस्तक झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, ते रंगभूमीवर आले, त्यावर चित्रपट झाला आणि शाळांमध्ये ते अभ्यासाला लागले. एक-दोन टक्क्यांसाठी केलेली निर्मिती दहा-पंधरा वर्षांत घराघरांत पोहोचली.

दुसरे उदाहरण याहून रंजक आहे. जानेवारी १९५७मध्ये थर्डने सॅम्युएल बेकेटचे 'ऑल दॅट फॉल' प्रसारित केले. त्यासाठी नेहमीचे ध्वनिपरिणाम पुरेनात; फिती कापून, उलट्या फिरवून, वेग बदलून नवे आवाज घडवावे लागले. अशा प्रयोगांची निकड वाढली आणि एप्रिल १९५८मध्ये बीबीसीने 'रेडिओफोनिक वर्कशॉप' काढले. मूठभर श्रोत्यांच्या अवघड नाटकांच्या गरजेतून जन्मलेल्या या कार्यशाळेने पुढे 'द गून शो'सारख्या तुफान विनोदी मालिकेला आवाज पुरवले. १९६३ साली तिथेच डीलिया डर्बिशर हिने रॉन ग्रेनरच्या चालीवरून 'डॉक्टर हू'चे शीर्षकसंगीत घडवले. शनिवारी संध्याकाळी सोफ्यामागे लपून ते ऐकणाऱ्या मुलांना बेकेट ठाऊक नव्हता. त्याची गरजही नव्हती.

रीथ म्हणत होते, उत्तम ते सगळ्यांच्या कानी पडले पाहिजे. हेली म्हणत होते, उत्तम गोष्टीला स्वतःची जागा हवी. मला वाटते, दुसऱ्याचे म्हणणे मान्य केल्याशिवाय पहिल्याचे घडत नाही. लाइटवर डिलन टॉमसला पंधरा मिनिटे मिळाली असती, नियमपुस्तिका आडवी आली असती, आणि गावाचे नाव बदलले असते. श्रोत्यांची मोजदाद न करता दीड तास देणारी जागा होती, म्हणून ते नाटक जसे होते तसे होऊ शकले.

आपल्या वाट्याचा तुकडा

या तीन रकान्यांच्या बाहेर आणखी एक रकाना होता, जो ब्रिटिश घरांत ऐकू येत नसे : परदेशांसाठीचे प्रसारण. त्यात मराठीही होती. १९४२मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, लंडनहून मराठी प्रसारण सुरू झाले आणि ते १९५८पर्यंत चालले. जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या भारतविषयक विभागात होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली साप्ताहिक बातमीपत्रे मराठीत आणि गुजरातीत भाषांतरित होऊन प्रसारित होत. त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत वेणू चितळे होत्या; पुढे १९५० साली त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. ऑर्वेलच्या 'व्हॉइस' या नभोवाणीवरच्या काव्य-नियतकालिकाचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. मायक्रोफोनभोवती एलियट, एम्पसन, मुल्कराज आनंद, उना मार्सन बसले-उभे आहेत, आणि त्यांच्यात वेणू चितळे आहेत. त्याच छायाचित्रातले नारायण मेनन पुढे आकाशवाणीचे महासंचालक झाले.

ते काव्य-नियतकालिक हिंदुस्थानात किती जणांनी ऐकले असेल? युद्धाच्या काळात, खरखरणाऱ्या लघुलहरीवर, फार थोड्यांनी. खुद्द ऑर्वेललाही आपले श्रम वाया जात आहेत असे वाटे, आणि त्याने नोकरी सोडली. त्या रकान्यातली आकडेमोडही तिसऱ्या रकान्यासारखीच निघते. पण माणसांच्या हातून तो अनुभव प्रवास करत आलाच.

आज आपल्याला काय ऐकायला आवडते याचा हिशोब क्षणाक्षणाला होतो, आणि आवडले त्याच्यासारखेच पुढे येत राहते. सिल्वींची माणसे कालचे ऐकणे विचारत. आता आपण पुढे काय ऐकू तेही आधी ताडले जाते. त्यात सोय आहे, हे मी नाकारत नाही. पण अशा व्यवस्थेत 'म्युझिक व्हाइल यू वर्क' चोवीस तास चालू शकते. लारेगब गावाला मात्र दीड तास कोण देणार?

१९५४ साली बर्मिंगहॅमच्या एखाद्या कारखान्यात साडेदहाच्या धुनीवर हात चालवणाऱ्या कामगाराने वर्षाचा एक पौंड भरला होता. त्यातले काही पेन्स त्या रात्रीच्या नाटकाकडे गेले. त्याला कुणी विचारले नव्हते, आणि तो अन्याय होता असे कुणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. त्याने ते नाटक ऐकलेही नसेल; दिवसभराच्या श्रमानंतर तो लाइट लावून बसला असेल, किंवा झोपला असेल. पण त्याच्या नातवाने ते शाळेच्या बाकावर बसून वाचले असण्याचा संभव पुष्कळ आहे. आजोबांनी भरलेल्या पौंडाचे व्याज असे दोन पिढ्यांनी घरी आले. ज्या संस्थेला तेवढी वाट पाहण्याची मुभा आणि ऐपत दोन्ही आहे, तिलाच सार्वजनिक हे विशेषण लावावे, असे मला वाटते.